पाण्याच्या वेळेत फिका येणारा आरव्हीजी: सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधी होती. सकाळी काढलेले दातांचे डिजिटल एक्सरे (आरव्हीजी) स्वच्छ यायचे. संध्याकाळी पावणेसातनंतर काढलेले फिके, वाळू भुरभुरल्यासारखे दाणेदार. मुळाचं टोक कुठे संपलं नि हाड कुठे सुरू झालं, काही कळायचं नाही. बरं, रोज असं व्हायचं नाही, आणि खरा वैताग तोच होता. दुरुस्ती करावी, पंधरा दिवस बरे जावेत, मग ये रे माझ्या मागल्या.

माझा दवाखाना गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. लाकडी जिना, खाली मीटरची खोली, तिच्या शेजारी पाण्याची मोटर. हे वर्णन उगाच करत नाही, पुढे लागणार आहे. मशीन भिंतीवरचं, साधं, जुन्या पद्धतीचं. ६५ किलोव्होल्ट, साडेसात मिलीअँपिअर, आणि वेळ कमीजास्त करायचं बटण सोडलं तर त्यात फिरवण्यासारखं काही नाही. फोटो तोंडात ठेवायच्या डिजिटल सेन्सरवर येतो.

ही अडचण कुणालाही सांगा, दोनच उत्तरं मिळतात. सेन्सर गेला असेल, नाहीतर टायमर वाढवा. मी दोन्ही करून बसले. पहिल्यात माझे पैसे जाता जाता वाचले. दुसऱ्यात जे गेलं ते पेशंटचं गेलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी काय काय चुकलं

पहिला संशय अर्थात सेन्सरवर. सहा वर्षं वापरलेला, एकदा खाली पडलेला, त्यामुळे आरोपी सापडल्यासारखं वाटलं. विक्रेत्याने पंधरा दिवसांसाठी दुसरा सेन्सर वापरायला दिला आणि फोटो खरोखरच सुधारले. मी चेक लिहायच्या बेतात होते. सोळाव्या दिवशी, त्या नव्या कोऱ्या सेन्सरवर, पुन्हा तीच वाळू. (नेमक्या त्याच पंधरवड्यात इमारतीची पाण्याची मोटर जळून रिवाइंडिंगला गेली होती, हे मला दोन महिन्यांनी कळलं.)

मग मशीनची तपासणी. माणूस उपकरणं घेऊन सकाळी अकराला आला. किलोव्होल्ट बरोबर, टायमर बरोबर, लागोपाठ घेतलेल्या शॉटमध्ये किरणांचं प्रमाण एकसारखं, गळती नाही. स्वच्छ अहवाल. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, सकाळी अकराला आमचं मशीन खरंच ठणठणीत असतं. ताप संध्याकाळी चढतो आणि डॉक्टरला सकाळी दाखवतात, त्यातली गत.

तिसरी चूक माझी स्वतःची. टायमर ०.२० सेकंदावर असायचा, तो मी ०.३२ वर नेला. फोटो थोडे सुधारले. संध्याकाळी तरीही दोनातला एक परत काढावा लागायचाच. एका आजोबांच्या वरच्या दाढेचं रूट कॅनल चालू होतं, फाइल (मुळात घालायची बारीक सुई) कुठवर पोचली ते पाहायला एका बैठकीत चार फोटो झाले. चौथ्याला आजोबा म्हणाले, "डॉक्टर, आता एक अल्बमच करा माझा." हसलो सगळे. त्यांच्याबरोबर आलेल्या सुनेने मात्र जाताना हळूच विचारलं, "मॅडम, इतके काढले, काही होणार नाही ना?" मी आपलं सवयीने "काही नाही हो" म्हणून टाकलं. आपण सगळेच म्हणतो. घरी जाताना चर्नी रोडच्या फलाटावर उभी असताना ते उत्तर मलाच पटेना.

"काही होणार नाही ना?" याचं खरं उत्तर

क्ष-किरण पेशीत शिरतो तेव्हा तो एखाद्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो. तो उडालेला इलेक्ट्रॉन थेट डीएनएवर आदळू शकतो. पण पेशीत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे जास्त वेळा पाण्याचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत चळवळ्या तुकडा तयार होतो. क्ष-किरणांनी होणाऱ्या इजेपैकी साधारण दोन तृतीयांश या आडवाटेने होते. डीएनएच्या शिडीची एक बाजू तुटली तर पेशी समोरच्या बाजूवरून पाहून ती नीट जोडते, हे काम तिला रोजचंच आहे. दोन्ही बाजू एकाच जागी तुटल्या तर मात्र जोडणी चुकू शकते. चुकलेली पेशी बहुधा मरते, आणि मेलेली परवडते. चुकीसकट जगून विभागत राहिलेली पेशी ही खरी चिंता. १९०६ साली बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांगून ठेवलं की झपाट्याने विभागणाऱ्या, अजून पक्क्या न झालेल्या पेशी किरणांना जास्त बळी पडतात. लहान मुलांच्या बाबतीत आपण हात आखडता घेतो तो याचसाठी.

परिणाम दोन जातींचे. एका जातीला उंबरठा असतो. त्वचा लाल होणं, केस गळणं, मोतीबिंदू, ही ती जात. त्वचा लाल व्हायला साधारण दोन ग्रे (अंगात मुरलेल्या किरणांचं माप) लागतात. दाताच्या एका डिजिटल फोटोत गालावर पडते ती एक-दोन मिलिग्रे, म्हणजे हजार पटीने कमी. तेव्हा "एक्सरेने केस गळतील का" असं विचारणाऱ्याला छातीठोकपणे नाही म्हणा.

दुसऱ्या जातीला उंबरठा धरत नाहीत. कर्करोग तिथे येतो. जेवढी मात्रा जास्त तेवढी शक्यता जास्त, आणि मात्रा कितीही लहान असली तरी शक्यता शून्य नाही, असं मानून जगभरचे नियम बनले आहेत. हे मानणं आहे, इतक्या कमी मात्रेला कुणी ते मोजून सिद्ध केलेलं नाही. केरळच्या करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम हा किरणोत्सारी धातू आहे, तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त किरणं अंगावर घेत जगतात आणि तिथे सुमारे सत्तर हजार लोकांच्या पाहणीत कर्करोग वाढलेला आढळला नाही. तरीही नियम सावधपणाच्या बाजूने झुकतो आणि ते मला योग्य वाटतं.

आकडा सांगते. सिव्हर्ट हे किरणांच्या धोक्याचं माप, मिलि म्हणजे त्याचा हजारावा भाग, मायक्रो म्हणजे दहा लाखावा. दाताच्या एका फोटोची परिणामी मात्रा साधारण एक ते आठ मायक्रोसिव्हर्ट. जमीन, भिंती, हवा, आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. एक फोटो म्हणजे फार तर एखाद्या दिवसाचं जगणं. पाच मायक्रोसिव्हर्ट धरले आणि किरणांपासूनच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय समितीचा सिव्हर्टला पाच टक्के हा अंदाज लावला, तर कर्करोगाचा धोका चाळीस लाखांत एक. चार फोटो काढले की दहा लाखांत एक. खूप लहान आकडा आहे, घाबरण्यासारखा नक्कीच नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. चांगल्या फोटोत दाढ वाचण्याची शक्यता असते. वाळू पसरलेल्या फोटोत काहीच नसतं. त्या सुनेला मी हे सांगायला हवं होतं: एका फोटोचं भय नाही, पण त्यातले तीन आमच्या मशीनच्या दुखण्यापायी गेले.

आणखी एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. व्होल्टेज पडलं की किरण कमी निघतात, एवढंच होत नाही. जे निघतात तेही मवाळ असतात. मवाळ किरण हाडाच्या पार जात नाहीत, गालात आणि हिरडीतच मुरतात. सेन्सरला उपाशी ठेवून पेशंटला वाढणारं मशीन! अशा वेळी टायमर वाढवणं म्हणजे तेच मवाळ किरण आणखी वाढणं.

मावशींची वही

शेवटी उपाय निघाला तो दोनशे पानी वहीतून. आमच्या मावशी अठरा वर्षं दवाखान्यात आहेत. त्यांना सांगितलं, जो फोटो परत काढावा लागेल त्याची वेळ, दाढ कुठली, आणि फोटो "कसा बिघडला" ते तुमच्या शब्दांत लिहा. मावशींचे शब्द असे: "वाळू", "अर्धा कापला", "हलला", "रेघा". एका महिन्यात २३ नोंदी झाल्या. त्यातल्या १४ "वाळू", आणि चौदाच्या चौदा पावणेसात ते आठच्या मधल्या.

वहीवरून बोट फिरवत मावशीच म्हणाल्या, "मॅडम, ही तर पाण्याची वेळ."

आमच्या इमारतीत संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास पाणी येतं. पाणी आलं की खालची मोटर लागते. त्याच वेळी आमच्याकडे दिवसभराची हत्यारं निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये जातात, एसी चालू असतो, कॉम्प्रेसर मधूनमधून घरघरतो. आणि आमचं एक्सरे मशीन त्याच ऑटोक्लेव्हच्या लाइनवर होतं, कारण वीस वर्षांपूर्वी वायरिंग करताना तिथेच सॉकेट जवळ पडत होतं.

दुसरा धागा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दिला, तोही नकळत. दाढ दाखवायला आल्या होत्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्याकडे संध्याकाळचे बल्ब उडतात गं, महिन्यात तीन झाले." आमच्याकडे व्होल्टेज पडतंय आणि काकूंकडे बल्ब उडतायत, म्हणजे त्यांच्याकडे चढतंय. एकाच इमारतीत, एकाच वेळी. हे ऐकल्यावर आमचा वायरमन खुर्चीतून उठलाच. "न्यूट्रल ढिला आहे," म्हणाला.

तो का उठला ते सांगते. इमारतीत तीन फेज येतात आणि घरं त्या तिघांवर वाटलेली असतात. न्यूट्रलचा, म्हणजे तिघांच्या सामाईक परतीच्या तारेचा, सांधा घट्ट असेल तोवर एका फेजवर कितीही भार आला तरी बाकीच्यांना फरक पडत नाही. तो सांधा गंजला, सैल झाला, तर भारी फेजवरचं व्होल्टेज पडतं आणि हलक्या फेजवरचं चढतं. पाण्याची सिंगल फेज मोटर आमच्याच फेजवर होती. काकू दुसऱ्या फेजवर. त्यांचे बल्ब आणि माझे फोटो एकाच रोगाने आजारी होते.

मोजायचं कसं

साध्या मल्टिमीटरकडे बघून हे सापडत नाही. आमचं मशीन जुन्या पद्धतीचं असल्यामुळे सेकंदाला पन्नास ठोक्यांनी किरण सोडतं, म्हणजे ०.२० सेकंदात जेमतेम दहा ठोके. त्या क्षणात व्होल्टेज आणखी खाली जातं आणि मीटरचा काटा हलायच्या आत वरही येतं. किमान आकडा धरून ठेवणारा मीटर हवा. वायरमनकडून तो मशीनच्या सॉकेटवर लावून घेतला. सकाळी २२८ व्होल्ट. पाण्याच्या वेळी, सगळं चालू असताना, नुसतं उभ्याउभ्या २०७. शॉट मारला त्या क्षणी १९३.

२२८ वरून १९३ म्हणजे पंधरा टक्के घट. मशीनमधल्या एक्सरे नळीतलं व्होल्टेजही तेवढंच घटतं, आणि किरणांचं प्रमाण व्होल्टेजच्या साधारण वर्गाने पडतं. शिवाय नळीतलं फिलामेंट (तापणारी तार) कमी तापतं, त्यामुळे नळीतला करंटही घसरतो. सगळं धरून सेन्सरवर निम्मंही पोचत नसावं. सॉफ्टवेअर बिचारं उजेड वाढवून सावरायला बघतं, म्हणून फोटो पांढराफटक न येता दाणेदार येतो आणि आपण सेन्सरला शिव्या घालतो.

नवीन डीसी मशीनमध्ये व्होल्टेजची चढउतार सांभाळायची सोय असते आणि फारच पडलं तर ते चूक दाखवून थांबतं. तुमचं मशीन तसं असेल तर हा भाग तुम्हाला कमी लागू आहे. पण ऑटोक्लेव्ह त्याच लाइनवर असेल तर एकदा बघाच.

स्टॅबिलायझर लावा, असंही सुचवलं गेलं. नेहमीचा रिलेवाला स्टॅबिलायझर टप्पा बदलेपर्यंत आपला शॉट संपलेला असतो. शिवाय सैल न्यूट्रल तसाच राहतो, आणि जुन्या लाकडी इमारतीत सैल सांधा म्हणजे आगीला आमंत्रण. फोटो राहू द्या, त्याच एका कारणासाठी तो आधी दुरुस्त करायला हवा. मीटरच्या खोलीत आपण किंवा ओळखीच्या पोराने हात घालायचा नाही, परवानाधारक माणूसच हवा. सोसायटीच्या कमिटीला पटवायला आम्हाला पाच आठवडे लागले. काकूंनी उडालेले तीन बल्ब बैठकीत टेबलावर ठेवले तेव्हा विषय मंजूर झाला.

सांधा नवा झाला. मशीनला बोर्डापासून स्वतंत्र चार स्क्वेअर एमएमची वायर आणि स्वतःचा एमसीबी दिला. पाणी चालू, मोटर चालू, ऑटोक्लेव्ह चालू असताना शॉटच्या क्षणाचा आकडा आता २२१ च्या खाली जात नाही.

जबड्याऐवजी पट्टी

हे सगळे शॉट आम्ही मारले कशावर? पेशंटवर नाही, हे मुद्दाम सांगावं लागतंय, कारण "पुढच्या पेशंटला बघू कसा येतोय" ही आपल्या धंद्यातली जुनी खोड आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते, दातांच्या एक्सरेच्या अगदी पहिल्या काळातले. त्या काळी नळीचा भरवसा नसायचा, म्हणून किरण नीट निघतायत का हे पाहायला ते स्वतःचाच हात मध्ये धरून पडद्यावर त्याची हाडं बघत. वर्षानुवर्षं. आधी बोटं कापावी लागली, मग हात. तपासणीची वस्तू म्हणून ते स्वतःचा हात वापरत होते. आपण पेशंटचा जबडा वापरतो, एवढाच फरक.

आमची वस्तू खेतवाडीतल्या स्लायडिंग खिडक्यावाल्याकडून आली. अॅल्युमिनियमच्या पट्टीचे तुकडे, एकावर एक पायऱ्यांसारखे चिकटवलेले, सहा पायऱ्या. पट्टी सेन्सरवर ठेवायची, सेन्सर टेबलावर, मशीनचा कोन (किरण बाहेर पडतात ते नळकांडं) वरून टेकवून दरवेळी त्याच अंतरावर, सॉफ्टवेअरमधली आपोआप सुधारणा बंद, वेळ नेहमीची. आपण दोन मीटर लांब, किरणांच्या वाटेत नाही. यंत्रणा तब्येतीत असतानाचा एक फोटो जपून ठेवायचा आणि दर सोमवारी सकाळी एक, पाण्याच्या वेळी एक, असे काढून त्याच्याशी ताडून बघायचे. सहाच्या सहा पायऱ्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. जाड बाजूच्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या तर किरण कमी पडतायत. पातळ बाजू काळीठिक्कर झाली तर जास्त.

आणि या पट्टीनेच मला तोंडघशी पाडलं. न्यूट्रल दुरुस्त होऊन पाच आठवडे झाले होते, फोटो सुंदर येत होते, वहीत "वाळू" हा शब्द उरला नव्हता. सोमवारी पट्टीचा फोटो काढला तर सगळ्यात पातळ पायरी गायब, काळी. टायमर बघितला. ०.३२.

आजाराच्या दिवसांत वाढवलेला डोस आजार बरा झाल्यावर कुणी कमी केलाच नव्हता. फोटो चांगले दिसत होते ना! फिल्मच्या जमान्यात जास्त किरण दिले की फिल्म काळी पडून चुगली करायची. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर सगळं झाकून घेतं, उलट जास्त किरणांचा फोटो गुळगुळीत आणि देखणा दिसतो. पाच आठवडे प्रत्येक पेशंटने साठ टक्के जास्त घेतलं, काही कारण नसताना. मी आणि मावशींनी त्याच दिवशी टायमर खाली आणला. आता कोणी कधीही वेळ वाढवली तर वहीत तारीख, कारण आणि "परत कधी" हे तीन रकाने भरायचे.

जुलैमध्ये परत

पावसाळ्यात पुन्हा तक्रार आली. या वेळी मी सरळ मीटरच्या खोलीकडे धावले आणि अर्धा दिवस फुकट घालवला. वही आधी बघायला हवी होती. मावशींनी या वेळी "वाळू" लिहिलंच नव्हतं, "रेघा" लिहिलं होतं, आणि वेळा दिवसभर विखुरलेल्या. रेघा म्हणजे व्होल्टेज नव्हे. पट्टीवर शॉट मारताना सेन्सरची केबल वेगवेगळ्या कोनात ठेवली, एका कोनात फोटोचा खालचा भाग हमखास जायचा. केबल सेन्सरला मिळते तिथेच आत तुटत आली होती. नवी मदतनीस मुलगी काम झालं की केबल हुकाला घट्ट गुंडाळून ठेवायची, मंगळसूत्र डबीत ठेवावं तशी निगुतीने, आणि तेच नडलं. आता केबल मोठ्या सैल वेटोळ्यात लटकते. कंप्युटरपर्यंतची पाच मीटरची स्वस्त यूएसबी जोडवायरही तेव्हाच काढून टाकली.

त्याच मुलीची दुसरी सवय वहीतून सापडली. पेशंटला कोन टोचेल म्हणून ती तो गालापासून चार बोटं लांब ठेवायची. माया चांगली, पण किरण अंतराच्या वर्गाने पातळ होतात. चार बोटांत सेन्सरवरचे जवळपास चाळीस टक्के जातात. कोन गालाला अलगद टेकलाच पाहिजे.

बाकीचं थोडक्यात. कडेला गोल पांढरा कापलेला भाग असेल तर कोन सेन्सरच्या मध्यावर नाही, सेन्सर धरायचा होल्डर वापरा. सगळंच धूसर असेल तर पेशंट हलला किंवा मशीनचा भिंतीवरचा हात हळूहळू घसरतोय. हात सोडून एक मिनिट त्याच्याकडे बघत राहा, घसरत असेल तर दिसतो. सेन्सरऐवजी फॉस्फर प्लेटवर काम करणाऱ्यांनी फिक्या फोटोला प्लेट उजेडात किती वेळ पडून होती ते विचारावं. फिल्मवाल्यांनी डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) कधी बदलला ते. माशाच्या काट्यासारखी नक्षी आली तर फिल्म उलटी गेली, मशीनचा काही दोष नाही.

एक गोष्ट थोडक्यात उरकणार नाही. एका संध्याकाळी सात वर्षांचा मुलगा तोंडात सेन्सर ठेवू देईना, म्हणून मावशींनी स्वतःच्या बोटाने तो धरला. मी वेळेवर पाहिलं. सेन्सर कधीही आपण धरायचा नाही, शिसं लावलेला हातमोजा असला तरी नाही. पेशंट एकदाच येतो, मावशी रोज असतात. अगदीच गरज पडली तर मुलाच्या आईने किंवा बाबांनी होल्डर धरावा, आणि ती आई गरोदर नाही हे विचारून. आमच्या मदतनीस मुलीला दिवस गेले तेव्हा तिला मी कळवायला सांगितलं, कारण कळवल्यानंतर उरलेल्या काळात पोटातल्या बाळासाठी मर्यादा एक मिलिसिव्हर्टची आहे. एरवी आपल्यासारख्यांना वर्षाला सरासरी वीस. दोन मीटर अंतर आणि किरणांच्या आडव्या बाजूला उभं राहणं एवढं पाळलं तर ती मर्यादा दूरच राहते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन मीटर मिळत नव्हते, म्हणून बटणाची वायर वाढवून दाराबाहेर नेली.

शिशाच्या एप्रनबद्दल विचारणारे असतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये एप्रन आणि गळ्याची पट्टी दोन्ही नेहमीसाठी गरजेची नाहीत असं सांगितलं. किरणांचा झोत नीट आवळलेला असेल तर बाहेर विखुरतं ते नगण्य. मी अजून एप्रन घालते, पेशंटला बरं वाटतं म्हणून. पण त्याहून खूप जास्त फायदा मला गोल कोनाच्या तोंडावर चौकोनी तोंड बसवल्याने झाला. सेन्सर चौकोनी आहे, मग गोल झोताने उरलेला गाल कशाला भाजायचा? सुरुवातीला कडा कापल्या जातात, पंधरा दिवसांत हात बसतो.

मशीनची नोंदणी एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा या ऑनलाइन यंत्रणेवर आहे की नाही ते बघून घ्या, कचेरी इथे आपल्या अणुशक्तीनगरलाच आहे. दर दोन वर्षांनी होणारी गुणवत्ता तपासणी चुकवू नका. तपासणीवाल्यांना फोन कराल तेव्हा वेळ मात्र तुम्ही सांगा. आमचे या वेळी सकाळी अकराला येतो म्हणाले. मावशींनी परस्पर सांगून टाकलं, "नको, सात वाजता या. पाणी आलेलं असतं."